लाईट गेली की सर्व्हिस उठत नाही, त्यावर

भावा, वजनकाट्याच्या लिनक्स मशीनवरची सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) हाताने चालू केली की चालते, पण लाईट जाऊन मशीन परत उठलं की ‘पीआयडी फाइल (चालू प्रोग्रामचा नंबर ठेवणारी फाइल) बनवता येत नाही’ म्हणून पडते आणि बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, हे तुझं वाचलं. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत हेच व्हायचं. उसाच्या जागी भंगाराचे ट्रक, एवढाच फरक.

युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी), युजर वगैरे तुला येतं असं धरतो. पीआयडी फाइल जिथे बनते ती व्हार-रन ही आता नुसती सिमलिंक आहे, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी पाटी. खरं फोल्डर ‘रन’, आणि ते रॅममध्ये असतं, दर बूटला कोरं. इन्स्टॉलरने त्यात सर्व्हिससाठी बनवलेलं फोल्डर पहिल्याच रीबूटला गेलं. हाताने चालवतोस तेव्हा तू रूट, म्हणजे सगळ्या परवानग्या असलेला युजर, असतोस, म्हणून चालतं.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या सपोर्टला (नाव घेत नाही, एएमसी म्हणजे देखभालीचा करार अजून चालू आहे) यावर एकच औषध ठाऊक: ‘सात सात सात द्या’, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. एका साहेबांनी तर फोनवरून आमच्या पोराकडून अख्ख्या व्हार फोल्डरला ते लावून घेतलं. कुलूप अडतंय म्हणून दारच काढून ठेवायचं! मूळ दुखणं तसंच राहिलं, कारण रन परत कोरं. वर आमच्या सेंटओएसवर (आमचं लिनक्स) लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग बाजूला काढणारं टूल, रुसलं. लॉगचं फोल्डर सगळ्यांना लिहिता येत असेल तर ते फाइल फिरवतच नाही. लॉग फुगत गेले, डिस्क भरली, ऐन डिस्पॅचच्या वेळी डेटाबेस बसला. तिकिटावर शेरा काय, तर ‘ग्राहकाकडील अडचण’. आजही आठवलं की डोकं फिरतं.

तू ‘सिस्टमसीटीएल एडिट’ ही कमांड वापरून ओव्हरराइडमध्ये (मूळ युनिट फाइलवर चढणारी वेगळी फाइल) ‘रनटाइमडिरेक्टरी’ दे. सर्व्हिस उठायच्या आधी सिस्टमडी (सर्व्हिसेस चालू-बंद करणारा लिनक्सचा भाग) स्वतः फोल्डर बनवतो, तेही तिच्या युजरच्या मालकीचं. पीआयडीचा रस्ता युनिटमध्ये आणि सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगमध्ये, दोन्हीकडे तोच हवा. पॅकेजची मूळ युनिट फाइल खरडू नकोस, अपडेट आलं की तुझे बदल पुसले जातील. डेटा आणि लॉगसाठी ‘स्टेटडिरेक्टरी’, ‘लॉग्जडिरेक्टरी’ आहेत, पण त्या सिस्टमडी २३५ पासून. सेंटओएस ७ वर २१९ आहे, तिथे फक्त ‘रनटाइमडिरेक्टरी’ चालेल.

डेटा वेगळ्या डिस्कवर असेल तर ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ही घाल, नाहीतर डिस्क जोडली जाण्याआधीच सर्व्हिस उठते आणि रिकाम्या फोल्डरात लिहीत बसते. वजनं गेली म्हणून बोंब होते, ती बऱ्याचदा यामुळे. परवानगी कुठे अडते ते ‘नेमआय’ कमांडला ‘एल’ लावून बघ, वरपासून एकेक फोल्डर दाखवतो.

तुझं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कुठलं ते तू लिहिलं नाहीस, तेव्हा हे अंदाजाने धर आणि आधी बॅकअप घे. काट्यावर वजनं चालू असताना तर मुळीच हात लावू नकोस, पाळी बदलते तेव्हा कर. तरी नाही उठली तर जर्नलसीटीएलच्या (सिस्टमचे लॉग दाखवणारी कमांड) शेवटच्या ओळी आणि युनिट फाइल टाक, पासवर्ड तेवढे खोडून.