अंगठे मुठीत होते

"पहिल्याच्या डोक्यात पाणी झालं होतं. आता पुन्हा तसंच होईल का?" आनुवंशिक आजारांविषयी सल्ला देताना, हे विचारणाऱ्या आईकडे मी आधी बाळाचा फोटो मागते.

अमळनेरकडच्या एका ताईने मोबाइल पुढे केला. मुलगा सात महिन्यांचा असताना वारला होता. मी फोटोतला हात मोठा करून पाहिला, तर दोन्ही अंगठे तळहातात दुमडलेले. "मूठ उघडली तरी अंगठा आतच जायचा," ती म्हणाली. माहेरची चौकशी केली. तिचा एक मामा तान्हा असतानाच गेला होता, त्याचंही डोकं मोठं होतं म्हणे.

"आम्हनाच घरमा असं काबरं?" सासूबाईंनी विचारलं. सुनेने ग्रहणात विळी धरली, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. ग्रहणाचा काही संबंध नाही, हे त्यांना समजावलं. पुढचं मात्र सुनेशी एकटीशी बोलले.

डोक्यात पाणी व्हायला कारणं पुष्कळ, आणि बहुतेक वेळा ते आनुवंशिक नसतंच. पण मुलगा, दुमडलेले अंगठे आणि तसाच गेलेला आईचा मामा एकत्र आले, की एक्स गुणसूत्रावरच्या एल१कॅम नावाच्या जनुकात दोष असल्याची शंका येते. दोष आईच्या एका एक्सवर असेल, तर दुसरा एक्स चांगला असल्याने तिला सहसा त्रास नसतो. एकच एक्स असलेल्या प्रत्येक मुलग्याला मात्र आजाराची शक्यता ५० टक्के, आणि प्रत्येक मुलीला वाहक, म्हणजे आईसारखी दोष पुढे देऊ शकणारी, होण्याची तेवढीच.

बाळाचं रक्त कोणी जपून ठेवलं नव्हतं, याची फार हळहळ वाटली. शेवटी हिचंच रक्त तपासलं आणि दोष सापडला. हे दिवस राहण्याआधी झालं, म्हणून पुढचा रस्ता मोकळा झाला: ११ ते १४ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन, नाहीतर १६ आठवड्यांच्या पुढे गर्भजलातून, नेमका तोच दोष शोधता येतो.

"सोनोग्राफी चांगली आली की झालं ना?" नवऱ्याने विचारलं. नाही. या आजारात पाणी कधीकधी २० आठवड्यांनंतरच दिसू लागतं. आनुवंशिक आजारासाठी गर्भाची तपासणी १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यात बसते. मुलगा की मुलगी हे मात्र सांगता येत नाही, तेही स्पष्ट केलं.

उठताना ती दारात थांबली. "धाकट्या बहिणीचं लग्न जमतंय. तिला सांगू?"

सांगा, म्हटलं. तिलाही हा दोष असू शकतो. पण आधी तिला एकटीला सांगा, आणि तपासणी करायची की नाही ते तिला ठरवू द्या.