भाऊ म्हणतो जग संपत आलंय, आणि भाची रात्री उठून आईबाबांना बघून येते

पत्र थोडक्यात असं आहे: "मावशी, आमचं नगरचं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. धाकटा भाऊ डॅलसला आयटीत आहे. तिथे एका चर्चला जायला लागल्यापासून त्याचं एकच चाललंय, रॅप्चर कधीही होईल, विश्वासणारे वर उचलले जातील, बाकीचे मागे राहतील. घर घ्यायचं रद्द केलं, मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला टाकत होता ते पैसे बंद केले. भावजय गप्प असते. नऊ वर्षांची भाची रात्री उठून आईबाबा खोलीत आहेत का बघून येते. आई-पप्पा म्हणतात देवाचंच नाव घेतोय ना, मग वाईट काय. मी बोलले तर म्हणतो तू कोमट झालीयेस, म्हणजे विश्वासात थंड पडलीयेस. हे लोक असं का मानतात, आणि मी त्याच्याशी बोलू कशी?"

अगं, आधी भाचीचं बघू, भावाचा विश्वास थोडा थांबू शकतो. ती पोर रात्री उठते कारण तिने मनाशी हिशोब केलाय की आईबाबा पक्के विश्वासणारे आहेत म्हणजे ते जाणार, आणि मी परवा खोटं बोलले होते म्हणजे मी राहणार. अमेरिकेत अशा चर्चमध्ये वाढलेली कितीतरी माणसं मोठेपणी हेच सांगतात, शाळेतून आलो, घरात कोणी दिसलं नाही, गॅसवर काहीतरी ठेवलेलं होतं, आणि वाटलं झालं, सगळे गेले, मी एकटा उरलो. तिकडे याला रॅप्चर अँग्झायटी म्हणतात. तेव्हा "लहान आहे, विसरेल" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

आता भाऊ. तो वेडा झालेला नाहीये, आणि त्याला तसं वागवलंस तर तो तुझ्या हातातून जाईल. प्रभू पुन्हा येणार हे तर आपण सगळेच चर्चमध्ये उभं राहून म्हणतो, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात शिष्य जैतुनाच्या डोंगरावर येशूला विचारतात की हे कधी होणार, आणि तो लढाया, दुष्काळ, भूकंप सांगतो, ही पिढी नाहीशी होणार नाही असंही म्हणतो. त्यामुळे शेवट जवळ आहे ही वाट बघणं पहिल्या पिढीपासूनचंच आहे. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, तर काही जण कामधंदा न करता बसून राहायला लागले होते आणि त्यांना पौलाच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात लिहावं लागलं की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. बायबलमधलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण लिहिलं गेलं पहिल्या शतकाच्या शेवटी, पात्म बेटावरून, रोमच्या सत्तेखाली भेदरलेल्या, आजच्या तुर्कस्तानातल्या आशिया प्रांताच्या मंडळ्यांना. बऱ्याच अभ्यासकांच्या मते त्यातलं देवाविरुद्ध उठणारं श्वापद म्हणजे रोम आणि त्या श्वापदाचा आकडा ६६६ म्हणजे रोमचा सम्राट नीरो. ज्यांच्यावर संकट होतं त्यांना धीर द्यायला लिहिलेलं पुस्तक आहे ते, डॅलसच्या बेडरूममधल्या पोरीला घाबरवायला नाही, हे मला अगदी मनापासून वाटतं.

पण तुझा भाऊ जे बोलतोय, म्हणजे विश्वासणारे गुपचूप उचलले जाणार, मग सात वर्षं महासंकट, ख्रिस्तविरोधी नावाच्या शत्रूची सत्ता, हर्मगिदोनची शेवटची लढाई, मग ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य, हा असा एकामागोमाग एक लावलेला क्रम फार जुना नाहीये. तो पसरवला जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने, १८३० च्या दशकापासून, आयर्लंड-इंग्लंडमध्ये, आणि नंतर तो अमेरिकेत बऱ्याच वेळा जाऊन शिकवून आला. थेस्सलनीकाच्या पहिल्या पत्रात ढगांत उचलले जाण्याचं वचन आहे, जुन्या करारातल्या दानीएलच्या पुस्तकात सत्तर सप्तकं, म्हणजे सात-सातचे सत्तर काळ, आहेत, ती एकमेकांना जोडून हा नकाशा तयार झाला. १९०९ मध्ये स्कोफील्ड या अमेरिकन उपदेशकाचं टीपा असलेलं बायबल निघालं, वर वचन आणि त्याच पानावर खाली त्याचा अर्थ. लाखो साध्या घरांत ते गेलं, आणि रोज तेच पान वाचणाऱ्याला वचन कुठे संपलं आणि टीप कुठे सुरू झाली हे वेगळं राहत नाही. भाऊ म्हणतो ना "बायबलमध्ये लिहिलंय", तो खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच तिथे लिहिलेलं दिसतं. आणि डॅलस तर या शिकवणीचं घरच म्हटलं तरी चालेल, १९२४ पासून तिथली डॅलस थिऑलॉजिकल सेमिनरी हेच शिकवत आलीये. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन आणि आपल्यासारख्या बऱ्याच जुन्या मंडळ्या रॅप्चरचा हा क्रम मानत नाहीत, संत ऑगस्टीन या जुन्या धर्मपंडिताने तर पाचव्या शतकातच हजार वर्षं म्हणजे मंडळीचा सध्याचा काळ असा अर्थ लावला होता. तेव्हा हे न मानणं म्हणजे कोमट होणं नाही, एवढं तू स्वतःसाठी पक्कं धरून ठेव.

मग इतक्या लोकांना हे खरं का वाटतं? कारण बातम्या त्यात चपखल बसतात. १९४८ मध्ये इस्राएल देश झाला, १९६७ मध्ये अख्खं यरुशलेम त्यांच्या ताब्यात आलं, आणि ज्यू लोक आपल्या भूमीत परत येतील ही शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या नकाशातली खूण डोळ्यांसमोर खरी झाली असं या लोकांना वाटलं, आणि तसं वाटणं मी समजू शकते. त्यानंतर तिकडची प्रत्येक लढाई, करोना, लस, डिजिटल पैसा, सगळं त्याच नकाशावर. प्यू या संस्थेने २०२२ मध्ये अमेरिकेत विचारलं तर ३९ टक्के प्रौढ म्हणाले आपण शेवटच्या काळात जगतोय, इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या अधिकारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, लोकांत ते ६३ टक्के होते. म्हणजे तुझा भाऊ जिथे राहतो तिथे हे बोलणं अजिबात विचित्र वाटत नाही. आणि एक माझा अंदाज सांगते, पटला तर घे. ज्याची नोकरी कधी जाईल सांगता येत नाही, ज्याचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं रांगेत अडकलंय, ज्याचे आईवडील इतक्या लांब आहेत, त्याला जर कोणी म्हणालं की काळजी करू नको, हे सगळं कसं संपणार ते आधीच ठरलंय आणि तू वाचणाऱ्यांत आहेस, तर किती बरं वाटत असेल त्याला.

तारखेवरून त्याच्याशी भांडू नकोस. तारीख चुकली तरी विश्वास तुटत नाही, हे इतिहासात नीट दिसतं. न्यूयॉर्क राज्यातला विल्यम मिलर नावाचा बॅप्टिस्ट शेतकरी, त्याने दानीएलच्या २३०० दिवसांची २३०० वर्षं धरली, इसवीसन पूर्व ४५७ पासून मोजली, आणि शेवटी त्याच्या लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातलं पीक तसंच उभं ठेवलं. रात्र सरली, काही झालं नाही, हायरम एडसन नावाच्या एकाने लिहून ठेवलंय की आम्ही उजाडेपर्यंत रडत राहिलो. आणि तोच एडसन दुसऱ्या दिवशी सकाळी मक्याच्या शेतातून जाताना म्हणतो की तारीख बरोबर होती, घटना स्वर्गात घडली. त्यातूनच पुढे १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली, पुण्यात औंधला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे बघ, शाळा-हॉस्पिटलं चालवणारी माणसं. म्हणजे वाट बघता बघता कामं करत राहणं जमतं लोकांना, आणि मला तुझ्या भावासाठी नेमकी हीच आशा वाटते.

पैशाचं मात्र सोडू नकोस. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या रेडिओवरच्या हॅरल्ड कॅम्पिंगने २१ मे ही तारीख दिली होती, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त माणसाने साठवलेले १ लाख ४० हजार डॉलर जाहिरातींवर घातले, आणि त्या दिवशी टाइम्स स्क्वेअरला उभा राहिला, आजूबाजूला लोक फोटो काढत होते. पुढच्या वर्षी कॅम्पिंगने लिहून कबूल केलं की तारीख सांगणं हे पाप होतं, पण त्या माणसाचे पैसे गेले ते गेलेच. त्यामुळे घर नको घेऊ दे त्याला, तो त्यांचा नवराबायकोचा निर्णय, भाड्याने राहून कोणाचं काही बिघडत नाही. कॉलेजचे पैसे, इन्शुरन्स, रिटायरमेंटचं खातं यांना हात लावायचा असेल तर भावजयीच्या होकाराशिवाय नाही, हे तू स्पष्ट बोल, आणि आई-पप्पांनाही बोलायला लाव, त्यांच्या शब्दाला तिथे वजन आहे. भावजय गप्प आहे म्हणजे तिला पटलंय असं धरू नकोस. तिला वेगळा फोन कर, तो घरात नसताना.

त्याच्याशी बोलताना त्याचंच बायबल हातात घे. "तुला खात्री आहे का" असं नको विचारूस, त्याला आहेच. त्याला म्हण की त्याच २४व्या अध्यायात येशू म्हणतो तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच माहीत नाही, आणि धन्य तो दास जो धनी आला तेव्हा घरच्यांना वेळेवर अन्न देताना सापडला, मग तुझ्या घरातलं वेळेवरचं अन्न काय रे, मुलीची फी त्यात येत नाही का? त्याला दौंडजवळच्या केडगावची आठवण दे. १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये मोठं पुनरुज्जीवन झालं, मुली तासन्तास प्रार्थना करत होत्या, आत्मा ओतला जातोय असं तिथल्या लोकांना वाटत होतं, आणि तरी पंडिता रमाबाईंच्या तिथे शेती चालू होती, छापखाना चालू होता, आणि त्या स्वतः १९२२ मध्ये जाईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर काम करत होत्या. हे नगरच्या मुलाला परकं वाटणार नाही.

भाचीबद्दल मात्र चर्चा नको, थेट मागणी कर. घरात तिच्यासमोर मागे राहणाऱ्यांचे व्हिडिओ लावायचे नाहीत, आणि बापाने स्वतः, तुमचं बोलणं होईल त्याच रात्री, तिच्या पलंगावर बसून सांगायचं की काहीही झालं तरी मी तुला सोडून कुठे जाणार नाही, आणि येशूने लेकरांना जवळ घेतलं होतं, त्यांना घाबरवलं नव्हतं. त्याला हे म्हणताना अडखळायला झालं तर तिथे थांब आणि विचार, का अडखळलास. मला वाटतं तो त्याच जागी पहिल्यांदा नीट विचार करेल. तूही तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोल, पण "घाबरतेस का" असं नाही, "रात्री उठतेस तेव्हा काय बघतेस" असं विचार आणि मग गप्प राहून ऐक. दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही तर पीडियाट्रिशियनला दाखवायला सांग, शाळेतही काउन्सेलर असतात, आणि हे सांग भावजयीला, अपॉइंटमेंट तीच घेईल.