बेट्टाची शेपटी फाटलीय? आधी पाणी बघ

घाबरू नकोस. तू पाठवलेल्या तुझ्या बेट्टा माशाच्या फोटोत फक्त शेपटी फाटलेली दिसतेय, अंगावर जखम नाही. शेपटी परत वाढते. नवा भाग आधी कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, पारदर्शक दिसतो. त्याला शेपटीची सड समजून औषध ओतू नकोस, नवखे हमखास इथेच फसतात.

खरं औषध म्हणजे स्वच्छ पाणी. रोज पाव भाग पाणी बदल. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून आधी अँटी-क्लोरीन घाल, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. नवं पाणी जुन्याइतकंच कोमट हवं. सगळं पाणी काढून टाकी आणि फिल्टर घासून धुवायचा मोह होईल, पण ते अजिबात करू नकोस. मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि मासा गेला, अजून वाईट वाटतं.

आणखी तीन गोष्टी:
- साताऱ्याच्या थंडीत हीटर हवाच. २५ ते २८ अंश ठेव.
- शेपटी कशात अडकली ते शोध. जुनी ओढणी टाकीतल्या प्रत्येक वस्तूवरून फिरव. धागा ओढला गेला की ती वस्तू बाहेर. बहुतेक वेळा प्लास्टिकचं झाडच निघतं.
- बेट्टा वर येऊन हवा घेतो, म्हणून पाणी थोडं कमी ठेव, पण हीटर बुडालेला राहू दे.

खाणं थोडंच, उरलेलं लगेच काढ.

पाण्यात मीठ किंवा बदामाची पानं घालायचे उपाय नंतर बघू. मात्र कडा काळ्या-लाल पडून शेपटी आखूड होत गेली किंवा कापसासारखं पांढरं दिसलं, तर त्याच दिवशी सांग.