नाक कसं धावेल?

प्रश्न : अमेरिकेतून सुनेचा मेसेज आला, ‘बाळाचं नोज रनिंग आहे, टेम्परेचरही रन करतोय.’ नाक धावतं कसं? ‘रन’चे अर्थ तरी किती? — एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, नातवाला सर्दी झालीय आणि अंगात ताप आहे, एवढंच. नाक धावत नाही, वाहतं. ‘रन’च्या जुन्या मुळातच वाहण्याचा अर्थ आहे. म्हणून नळ रन होतो, नदी रन होते आणि नव्या साडीचा रंग पहिल्या धुण्यात बादलीभर उतरतो, तोही ‘रन’च.

दुसरी गंमत ‘चालणे’ची. दुकान, घड्याळ, मोटार, सगळं आपल्याकडे निवांत चालतं, इंग्रजीत मात्र ते पळतं! तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तरी ‘ही वॉक्स अ शॉप’ लिहिणारं एखादं पोर दरवर्षी भेटायचंच. मी लाल रेघ मारायचो, पण मनात म्हणायचो, बिचारा मराठीशी प्रामाणिक आहे.

निवडणुकीत तर आणखी मजा. अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो. ब्रिटिश मात्र आपल्यासारखा ‘उभा राहतो’.

साखर संपली की ‘वी हॅव रन आउट ऑफ शुगर’. इथे ‘आउट ऑफ’ विसरू नका.

अर्थ मोजत बसू नका. आपलं ‘लागणे’ घ्या : भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, घाटात बस लागते. सुनेला सांगा, हे अमेरिकन शेजारणीला समजावून दाखव.