पुण्यात कॉलेजच्या आवारात दुसरं कॅन्टीन चालेल का, कसं ठरवायचं?

चार हजार मुलं, एकच कॅन्टीन, म्हणजे दुसरं चालणारच, असं तुम्ही लिहिलंय. तो आकडा आधी बाजूला ठेवा. सगळी मुलं एकाच वेळी आवारात नसतात आणि बरीच जण डबा आणतात.

त्यापेक्षा आठवडाभर मधल्या सुट्टीत तिथे जाऊन बसा. मी कॅन्टीन घेण्याआधी हेच केलं होतं. कूपनच्या रांगेत दहा मिनिटं उभं राहून, घड्याळ बघून, वडापाव न घेताच वर्गाकडे पळणारी मुलं मोजली. तुमचं खरं गिऱ्हाईक हेच. गेटबाहेरच्या टपरीवरही चहा-पोह्यांचा भाव बघून या, कारण तुम्ही महाग पडलात की मुलं सरळ रस्ता ओलांडतात. कॉलेज फर्ग्युसन रस्त्यावर असेल तर गाठ वैशाली-रूपाली या तिथल्या हॉटेलांशी आहे, तिथे चवीत कमी पडून चालणार नाही.

मग दिवस मोजा. परीक्षा, दिवाळी आणि उन्हाळा वजा करा. समजा, गर्दीचे १८० दिवस उरले. भाडं मात्र बारा महिने. महिना ४० हजार धरलं तर वर्षाला ४ लाख ८० हजार, म्हणजे गर्दीच्या दिवसाला साधारण २,६६७ रुपये. प्लेटमागे १० रुपये सुटत असतील तर रोज २६७ प्लेट नुसत्या भाड्यासाठी विकाव्या लागतील. पगार आणि गॅस वेगळाच.

म्हणून सुट्टीच्या महिन्यांत भाडं निम्मं, हे करारात लिहून घ्याच. कॉलेज तयार नसेल तर मी तरी ही जागा घेणार नाही.