आरमार नेमकं कुणाचं?

प्रश्न: १८६० नंतर चीननेपण जपानसारख्याच बोटी घेतल्या, तोफांचे कारखाने काढले. तरी १८९४-९५ च्या युद्धात जपानकडून एवढा मार कसा काय खाल्ला? राणीने आरमाराचे पैसे राजवाड्यावर उडवले असं वाचलं होतं, ते खरं का?
- एक वाचक, सांगली

उत्तर: खरं आहे, पण अर्धंच. राजमाता त्सिशीच्या साठीच्या सोहळ्याआधी बीजिंगचा उन्हाळी राजवाडा नव्याने सजवला आणि त्यात आरमाराच्या नावावरचा पैसा गेला. तिथल्या तळ्याकाठी एक दगडी बोट आहे, १८९३ मध्ये ती नीट करताना तिला आगबोटीसारखी दोन्ही बाजूंना चाकं लावली, तीही दगडी, आणि वरचा मजला लाकडाचा पण रंग मारलाय संगमरवरासारखा. आता याहून चांगलं व्यंगचित्र कोण काढणार? त्यामुळे सगळं खापर बाईंच्या डोक्यावर फोडणं सोपं जातं.

पण मला विचाराल तर खरी गोम वेगळीच आहे. चीनचं असं एक आरमार नव्हतंच हो. उत्तरेचं बेयांग ली होंगचांगच्या हाताखाली, आणि नानयांग, फूजियान, ग्वांगतुंग यांची आणखी तीन, सुभेदार वेगळा, तिजोरी वेगळी. याचं मूळ ताइपिंग बंडात, म्हणजे बादशहाविरुद्धच्या एका मोठ्या उठावात आहे, बादशाही फौज कुचकामी निघाली तेव्हा त्सेंग ग्वोफान, ली अशा लोकांनी आपापल्या भागात फौजा उभ्या करून १८६४ मध्ये ते बंड मोडलं, आणि मग शांघायचा जियांगनान कारखाना (१८६५) काय किंवा फूचौची गोदी (१८६६) काय, सगळं अशाच सुभेदारांनी काढलं. दरबाराला ही माणसं हवी होती, पण डोईजड व्हायला नको होती.

१८८४ मध्ये फ्रेंच आरमाराने फूचौजवळ मावेइला नांगरलेल्या फूजियानच्या बोटी तासाभरात संपवल्या आणि गोदीवरही तोफा डागल्या. गंमत म्हणजे ती गोदी एका फ्रेंच माणसाच्याच, प्रॉस्पर जिकेलच्या देखरेखीखाली उभी राहिलेली. त्या लढाईत लीची एकही बोट मदतीला नव्हती.

कारखान्यांचीपण तीच तऱ्हा. चांग चिडोंग या सुभेदाराने दक्षिणेत ग्वांगचौला असताना लोखंडाच्या कारखान्याची यंत्रं इंग्लंडहून मागवली, तेवढ्यात त्याची बदली झाली, नवीन सुभेदाराला ती भानगड नको होती, मग बदलीबरोबर कारखानाही निघाला मध्य चीनमधल्या हानयांगला! म्हणजे आपल्याकडे साहेबाचं सामान जातं ना, तसं. तिथे जवळच्या दाये खाणीतल्या दगडात फॉस्फरस जास्त, आणि घेतलेल्या भट्ट्या अशा की त्यातून फॉस्फरस निघतच नाही, त्यामुळे पोलाद ठिसूळ आणि रुळांना निरुपयोगी. भट्ट्या बदलेपर्यंत पुढचं शतक उजाडलं.

आता तुमचं १८९४. लीकडे जर्मनीत बांधलेल्या दोन चिलखती बोटी होत्या, प्रत्येकीवर ३०.५ सेंटिमीटरच्या चार तोफा, जपानकडे त्या तोडीचं जहाज नव्हतं. पण १८८८ नंतर बेयांगसाठी परदेशातून नवी मोठी बोट आलीच नाही, आणि जपानने तेवढ्या वेळात झपाझप गोळे टाकणाऱ्या तोफा बसवून घेतल्या. १७ सप्टेंबरला यालू नदीच्या मुखाशी चिनी ताफ्याच्या पाच बोटी गेल्या, जपानची एकही नाही. त्या दोन मोठ्या बोटी मात्र मारा खाऊनही तरंगत राहिल्या, म्हणजे माल खोटा नव्हता.

फेब्रुवारी १८९५ मध्ये वेइहाइवेइ या तळावर उरलेला ताफा शरण गेला, त्याचा प्रमुख ॲडमिरल डिंग रुचांगने आत्महत्या केली. त्यानंतर एका चिनी अधिकाऱ्याने जपानी सेनापतीला विनंती केली, की ग्वांगबिंग ही बोट तेवढी परत द्या, ती ग्वांगतुंगच्या ताफ्यातली आहे, तिचा या युद्धाशी संबंध नाही! जपान्यांनी अर्थातच दिली नाही. त्याच डिसेंबरात ती जपानी झेंड्याखाली तैवानजवळच्या पेस्काडोर बेटांपाशी बुडाली.