पावसाळ्यात अंगणात मोकळ्या असणाऱ्या कुत्र्या-मांजरांना साप आणि इतर धोक्यांपासून कसं जपावं?

कोकणातलं घर, कुत्रा आणि मांजर दोन्ही मोकळी, आणि सापांसाठी अंगणात कार्बोलिक ॲसिड शिंपडावं का, असं तुम्ही विचारलंय. शिंपडू नका. त्याने साप अडत नाही. मांजर मात्र भिजलेले पाय चाटते आणि फिनॉल, म्हणजे हेच कार्बोलिक ॲसिड, तिच्या यकृताला पचवता येत नाही. काही घरांत थिमेटचे, म्हणजे फोरेट या कीटकनाशकाचे, दाणे कुंपणाकडेला टाकतात. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे, तरी जुन्या पुड्या पडवीत सापडतात. ते खाल्ल्यावर लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतं. वेळेत ॲट्रोपिन हा उतारा मिळाला नाही तर जनावर जातं.

साप बहुतेक वेळा उंदरामागे येतो आणि उंदीर कुत्र्याच्या ताटलीमागे. रात्रभर बाहेर राहिलेला भात ही खरी अडचण. वीस मिनिटांत जे खाल्लं नाही ते उचला, ताटली धुवा, कोरडं खाणं पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चिऱ्यांचे आणि नारळाच्या सोडणांचे ढीग मेअखेर हलवा. लाकडं जमिनीपासून हात-दीड हात उंच रचा.

उंदीर म्हटलं की घरातली माणसं उंदीर मारायचं औषध आणतात. त्याऐवजी पिंजरा लावा. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला कुत्रा पहिले दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतो आणि त्यातच माणसं फसतात. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, नाकातून किंवा शीतून रक्त येतं. खाताना दिसला तर लक्षणांची वाट न पाहता वेष्टन घेऊन डॉक्टरांकडे जा. उतारा म्हणून व्हिटॅमिन के-१ काही आठवडे द्यावं लागतं, मधेच थांबवलं तर रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. झिंक फॉस्फाइडची काळी पूड वेगळी: पोटातल्या आम्लाशी तिचा विषारी वायू होतो. म्हणून दूध, भाकरी काही देऊ नका, अन्नाने आम्ल वाढतं. उलटीतून येणारा वायू माणसालाही बाधतो, तेव्हा गाडीच्या काचा उघड्या ठेवा. कुठल्याही विषात मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही. मिठाचीच विषबाधा होते.

उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार, येतो. लसीचं कार्ड काढून त्यात लेप्टोचा समावेश आहे का बघा, सगळ्या लसींत नसतो. पहिल्या वेळी २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. दुसरा डोस मे महिन्यातच होईल असं बघा. ताप, उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि लघवी साफ करताना हातमोजे, कारण हा माणसालाही होतो.

साप चावलाच तर पट्टा काढा, कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. बांधणं, चिरणं, बर्फ लावणं नको. घोणस चावली की सूज आणि रक्त दिसतं, पण मण्यारीच्या चाव्याला बऱ्याचदा खूणही नसते. पाय लटपटणं, पापण्या मिटणं यावरून संशय घ्यावा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारं माणसांचंच प्रतिविष जनावरांना देतात, पण तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात ते असेलच असं नाही. कुठे मिळतं ते जूनआधी फोन करून विचारून ठेवा.

खरखरीत पाठीचा मोठा बेडूक तोंडात धरला आणि फेस आला तर तोंड खाली करून बाजूने पाण्याची धार सोडा, पाणी घशात जाऊ देऊ नका. फेस थांबला नाही किंवा झटके आले तर दवाखाना.

गोचीड फक्त अंगावरच्या वेचून भागत नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून कुत्र्याच्या झोपायच्या जागेतल्या फटी सिमेंटने बुजवा. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेलं डेल्टामेथ्रिन किंवा परमेथ्रिनचे थेंब कुत्र्याला लावाल आणि मांजर त्याला बिलगून झोपेल, तर मांजराला झटके येतात. दोघं एकत्र झोपत असतील तर कुत्र्यासाठी पोटातून द्यायची गोळी मागा. ती किलोच्या हिशोबाने ठरते, तेव्हा वजन करूनच जा.